रात्री दोन वाजता मूल कुणाजवळ?

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत हल्ली दिवाळीतच ठरतात. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव, फार तर माथेरान. मग सहल कंपन्या आल्या आणि मराठी माणूस बॅगेत चिवड्याचे डबे घालून स्वित्झर्लंडला जाऊन आला. आता त्या यादीत क्रूझची भर पडली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून फेऱ्या करू लागली. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात आहे, ते आईबाप तिकडे गेले की नातवंडांसह कॅरिबियनची किंवा अलास्काची क्रूझ ठरते. आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस कार्यालयाऐवजी भर समुद्रात साजरा झाल्याचे फोटोही आता आपल्या मोबाइलवर येतात.

यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडायच्या नाहीत, गुडघे धरलेल्या आजीसाठी लिफ्ट आहे, मुलांना खेळायला जागा आहे आणि रात्री सगळे एका टेबलाशी जेवतात. तीन पिढ्यांना एकदम मानवेल अशी सहल शोधू म्हटले तर फारशी सापडत नाही. क्रूझ ही त्यातली एक.

पण बुकिंगच्या वेळी काय होते ते पाहण्यासारखे असते. एजंट दरपत्रक पुढे सरकवतो. सर्वांत स्वस्त ती आतली केबिन, तिला खिडकीच नाही. तिच्यावर खिडकीची, तिच्यावर बाल्कनीची आणि सर्वांत वर स्वीट. घरात चर्चा होते ती दोनच गोष्टींची. दिसणार काय, आणि पडणार किती? शेवटी तह होतो. “आम्ही दोघे बाल्कनीच्या केबिनमध्ये, मुले आई-बाबांबरोबर आतल्या केबिनमध्ये. समोरासमोरच तर आहोत!” सगळे खूश. एजंट नावे टाइप करतो, ॲडव्हान्स घेतो आणि सर्वांना चहा पाजतो.

या तहात एक प्रश्न कुणी विचारलेला नसतो. रात्री दोन वाजता मूल कुणाजवळ असेल? घंटा वाजली आणि दिवे गेले, तर त्याला उचलणार कोण, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये किती दारे उघडावी लागतील? माझ्या मते मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने केबिन निवडताना हा प्रश्न आधी सोडवावा. दृश्य आणि दर त्यानंतर.

सतरंजीवरचा प्रवास

ज्यांनी जुन्या कोकण बोटीचा प्रवास केला आहे, त्यांना हा प्रश्न कधी पडला नसेल. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढायचे, डेकवर सतरंजी पसरायची, वळकटीचा तक्क्या करायचा, दशम्यांची फडकी सोडायची आणि पोर दोन मोठ्या माणसांच्या मध्ये झोपवायचे. बोट लागलेली माणसे कठड्याशी उभी, बाकीची झोपलेली. आईचा एक हात ट्रंकेवर आणि दुसरा पोराच्या अंगावर, अशी कोकणातल्या घराघरातल्या बायकांची रात्र जाई.

त्या प्रवासाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सतरंजी कुणाला समुद्रापासून वाचवत नाही. पण तिच्यावर एक गोष्ट न सांगता होत होती. मूल हाताच्या अंतरावर असे.

केबिनने सुख दिले, खासगीपणा दिला, स्वतंत्र बाथरूम दिली. त्याचबरोबर तिने कुटुंबाच्या मध्ये भिंती आणि दारे घातली. सहा माणसांचे दोन-तीन तुकडे झाले. पूर्वी जे आपसूक होत होते, ते आता ठरवून करावे लागते. बुकिंगचा फॉर्म ही ते ठरवण्याची जागा आहे, आणि आपण ती दृश्याच्या नादात घालवतो.

बोटींनी शिकलेले धडे

माणूस बोटीवर कुठे झोपतो यावर त्याचे काय होते हे अवलंबून असते, याचा सर्वांत कठोर हिशेब १९१२ सालच्या ‘टायटॅनिक’चा आहे. ब्रिटिश चौकशीच्या अहवालानुसार दुसऱ्या वर्गातली चोवीसच्या चोवीस मुले वाचली. तिसऱ्या वर्गात ७९ मुले होती, त्यातली २७ वाचली. तिसऱ्या वर्गाच्या केबिन खाली, बोटीच्या दोन टोकांना होत्या. तिथून जीवनरक्षक होड्यांच्या डेकपर्यंत पोचणे म्हणजे अनोळखी जिने आणि बोळ पार करणे. त्या बोटीवर होड्याच मुळात अपुऱ्या होत्या हे खरे. पण होडीपर्यंतची वाट किती लांब, हाही प्रश्न तितकाच खरा होता. या अपघातानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘सोलास’ या नावाने तो ओळखला जातो आणि सुधारत सुधारत आजही तोच बोटींना लागू आहे.

दुसरी घटना आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. ७ एप्रिल १९९० रोजी ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ ही बोट ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघाली होती. ईस्टरच्या सुट्टीचे दिवस, बोटीवर कुटुंबे. रात्री दोनच्या सुमारास केबिनांच्या बोळात आग लागली. १५९ माणसे मेली, त्यातली बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने. भिंतींच्या आच्छादनातून विषारी वायू निघाला. बोळ धुराने भरले, धोक्याची घंटा सगळ्यांना धडपणे ऐकू गेली नाही, आणि बऱ्याच खलाशांना बोटीचीच नीट ओळख नव्हती. माणसे केबिनमध्ये आणि केबिनबाहेरच्या चार पावलांत गेली.

त्यानंतर १९९२ साली नियम कडक झाले. बोळात जमिनीलगत चमकणारी पट्टी आली, म्हणजे धुरात खाली वाकून चालणाऱ्या माणसाला वाट दिसावी. धूर ओळखणारी यंत्रे आणि छतातून पाणी फवारणारी तोटी टप्प्याटप्प्याने जुन्या बोटींनाही बसवावी लागली. आजच्या मोठ्या प्रवासी बोटीवर होड्या आणि तराफे मिळून माणसांच्या सव्वापट जागा ठेवावी लागते. सगळे जमल्यावर बोट सोडण्याचा इशारा झाला की तीस मिनिटांत त्या पाण्यात सोडता आल्या पाहिजेत.

म्हणजे बोटीने आपल्या वाट्याचे बरेचसे काम केले आहे. पण चार वर्षांच्या पोराला झोपेतून उठवून त्या पट्टीपर्यंत आणणे हे कुठलाही करार करू शकत नाही. ते घरातल्या माणसाचे काम आहे, आणि ते कुणाचे हे आधी ठरलेले हवे.

बँकेत मी तीस-बत्तीस वर्षे काढली. तिजोरीच्या चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, आणि चावी कुणाकडून कुणाकडे गेली याची रजिस्टरात नावानिशी सही होई. ‘आम्ही दोघे बघतो’ असे तिथे चालत नसे. जी गोष्ट दोघांची, ती ऐन वेळी कुणाचीच नसते, हे त्या रजिस्टराचे शहाणपण. नोटांच्या बाबतीत आपण एवढे दक्ष असतो, तर नातवंडांच्या बाबतीत एक ओळ लिहायला हरकत नसावी.

समोर, शेजारी आणि आतून जोडलेली

आता दरपत्रकाकडे वळू. आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आजी-आजोबा असे घर धरा. त्यांच्यापुढे चार वाटा असतात.

पहिली, आईवडील आणि मुले अशी चौघांची एकच केबिन. जागा तुटपुंजी, बॅगा पलंगाखाली, बाथरूमसाठी रांग. पण रात्री दोनच्या प्रश्नाला हिचे उत्तर सर्वांत सोपे आहे, कारण मध्ये एकही दार नाही. मूल पाचच्या आतले असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर मी डोळे मिटून हीच निवडीन.

दुसरी, आतून दार असलेल्या दोन जोडकेबिन. मधले दार रात्री उघडे ठेवले की दोन खोल्यांचे घर होते. किंमत जास्त, पण तीन पिढ्यांच्या कुटुंबाला यासारखी सोय नाही. अशा जोड्या बोटीवर थोड्या असतात आणि लवकर संपतात. एजंट ‘जोडूनच आहेत’ म्हणाला तर समाधान मानू नका. ‘शेजारी’ आणि ‘आतून जोडलेल्या’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डेकच्या नकाशावर जोडकेबिनची खूण निराळी असते. ती बोट ठेवून दाखवायला सांगा.

तिसरी, शेजारच्या दोन केबिन. इथे एका खोलीतून दुसरीत जायला दोन जड दारे आणि मधला बोळ आहे. केबिनचे दार आगीला अडवण्यासाठी केलेले असते. ते आपोआप लागते आणि बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की झोपेत उठून ‘आई कुठे आहे’ म्हणून बाहेर पडलेले पोर बोळात राहते आणि दार मागे लागते. सगळी दारे सारखी, सगळे गालिचे सारखे. चार वर्षांच्या मुलाला आकडे वाचता येत नाहीत.

चौथी, समोरासमोरच्या केबिन. एजंटच्या तोंडी ही ‘सेम टू सेम’ असते. पण समोरची केबिन म्हटली की आणीबाणीत जमण्याची जागा एकच असेल, असे नाही. ती प्रत्येक केबिनला नेमून दिलेली असते. आई-वडिलांची जागा एक आणि मुलांची दुसरी निघाली, तर गर्दीच्या उलट दिशेने मुलांना शोधत जाण्याची पाळी येते. बुकिंग करतानाच ‘आम्हा सहा जणांची जागा एकच हवी’ असे सांगावे आणि चढल्यावर कार्डावर ते पडताळावे.

कागदाचाही एक मुद्दा आहे. पुष्कळ कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ माणूस असावा असा नियम करतात. अमेरिकेतल्या कंपन्यांत वय साधारण २१ धरतात. आईवडील शेजारीच असतील तर सवलत मिळते. यावर एजंटचा तोडगा ठरलेला: “कागदावर एक पालक इकडे, एक तिकडे दाखवू. चढल्यावर तुम्ही पाहिजे तसे झोपा.” कंपन्यांनाही हे माहीत असते. पण ज्या रात्री हजेरी घेतली जाते, त्या रात्री खलाशी कागदच वाचतो. खरी व्यवस्था निराळी असेल तर पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगावी, दोन्ही केबिनची कार्डे दोन्ही पालकांना करून घ्यावीत. खातेवही आणि रोकड जुळली पाहिजे.

चौघांच्या केबिनमध्ये चार पलंग असूनही कधी कधी कंपनी चौथा माणूस घ्यायला नकार देते. हा एजंटचा डाव नसतो. त्या भागातल्या केबिनांना नेमलेल्या होडीची माणसे भरलेली असतात. दिवाळीत बुकिंग करण्याला अर्थ आहे तो इथे.

आजी-आजोबांची परीक्षा

आता थोडा नाजूक विषय. ‘मुले आजीकडे झोपतील’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज म्हटले जाते, की त्यात तपासण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. मुलांनाही आजीच हवी असते. तिच्याकडे गोष्टी असतात. पण आजी रक्तदाबाच्या गोळीबरोबर झोपेची अर्धी गोळी घेते, आजोबा कानातले यंत्र रात्री डबीत ठेवतात, आणि दोघांना जिना चढताना कठडा लागतो. हे सर्वांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. सुनेने बोलावे तर ते अपमानासारखे होते, मुलाने बोलावे तर ‘आम्ही तुला वाढवला तो कसा?’ असा प्रश्न येतो.

म्हणून हे म्हाताऱ्यांनी स्वतः बोलावे. मी साठी ओलांडली आहे. चांगला कान उशीवर टेकला की मला दारावरची थाप ऐकू येत नाही. हे मुलाला सांगताना जीभ जरा जड झाली, पण सांगितले. त्यामुळे नातवंडांचा सहवास काही कमी झाला नाही. दिवसभर ती आमच्याकडे असतात, रात्री गोष्ट संपली की आईजवळ जातात. सहवास आणि पहारा ही दोन कामे आहेत. पहिले आजी-आजोबांना कुणापेक्षाही चांगले जमते. दुसऱ्याला कान आणि पाय तरुण लागतात.

आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, हेही इथे लक्षात घ्यावे. आजीला चार मजले जिन्याने उतरावे लागणार असतील तर तिची केबिन चुकीच्या डेकवर आहे. डेकच्या नकाशात होड्यांचा डेक आणि आपला डेक यांतले मजले मोजावेत. जिना बोळाच्या कुठल्या अंगाला आहे तेही बघावे. सुदैवाने इथे सोय आणि सुरक्षितता हातात हात घालून येतात. बोट सर्वांत कमी हलते ती मध्यभागी आणि खालच्या-मधल्या डेकवर. बहुतेक मोठ्या बोटींवर होड्याही खालच्या-मधल्या डेकांच्याच आसपास असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एकाच ठिकाणी केबिन घ्यावी, असा हा योग आहे. सर्वांत महाग केबिन वर असते, आणि वरच बोट जास्त झुलते.

कठडा, खिडकी आणि वरचा बर्थ

बाल्कनी हे क्रूझच्या जाहिरातीतले मुख्य पात्र. पांढऱ्या खुर्च्या, निळा समुद्र, हातात पेला. त्या चित्रात चार वर्षांचे पोर घालून पाहा. अमेरिकेच्या २०१० सालच्या कायद्याने तिथल्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या बोटींवर कठडा निदान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट उंच असावा असे ठरवले. जमिनीवर उभ्या मुलाला तो पुरतो. पण बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक टेबल असते, आणि मुलांना खुर्चीवर चढायला शिकवावे लागत नाही.

शिवाय कठडा हरतो तो बहुधा मोठ्या माणसामुळे. जुलै २०१९ मध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात एका बोटीच्या अकराव्या डेकवर आजोबांनी दीड वर्षांच्या नातीला उचलून खिडकीपाशी धरले. खिडकी उघडी होती. मूल खाली पडून गेले. जून २०२५ मध्ये बहामाहून फ्लोरिडाकडे परतणाऱ्या बोटीवरून एक लहान मुलगी चौथ्या डेकवरून समुद्रात पडली. तिच्या वडिलांनी मागोमाग उडी घेतली, आणि दोघांनाही बोटीच्या माणसांनी वाचवले. ती फोटोसाठी कठड्यावर बसली होती, असे पोलिसांनी सांगितले. पहिल्या घटनेतला आजोबा निष्काळजी माणूस होता असे म्हणून आपण सुटू शकत नाही. नातवंडाला उचलून ‘ते बघ’ म्हणणे हे आजोबांचे कामच आहे. म्हणून नियम एकच असावा: बोटीवर कुठल्याही कठड्याशी किंवा खिडकीशी मूल उचलायचे नाही, मग फोटो कितीही चांगला येवो.

सहा वर्षांच्या आतले मूल असेल तर न उघडणारी खिडकी असलेली केबिन मला बाल्कनीपेक्षा बरी वाटते. उजेड आहे, समुद्र दिसतो, आणि रात्री निर्धास्त झोप लागते. ‘एम्प्रेस’ ही १९९० साली बांधलेली बोट. तिच्यावर आतल्या आणि खिडकीच्या केबिनच जास्त आहेत. बाल्कनी घ्यायचीच तर ती आजी-आजोबांच्या केबिनला घ्यावी, सगळ्यांनी संध्याकाळी तिथे जमावे आणि मुले झोपायला आपल्या खोलीत यावीत. बाल्कनीच्या दाराची वरची कडी मुलाच्या हाताला लागते का, ते आत गेल्याबरोबर बघावे. खुर्च्या कठड्यापासून ओढून दाराशी ठेवाव्यात.

खिडकी नसलेल्या आतल्या केबिनलाही नावे ठेवू नयेत. ती स्वस्त असते आणि मध्यावर मिळू शकते. तिचा दोष एकच: दिवे मालवले की काळोख संपूर्ण असतो. अशा काळोखात जागे झालेले पोर घाबरून पलंगावरून उतरते. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा घरून न्यावा.

छतातून किंवा भिंतीतून खाली येणारा वरचा बर्थ पाहिला की दोन्ही मुले त्यासाठी भांडतात. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हा जगभर मानला जाणारा संकेत आहे. डुलत्या बोटीवर तो दुप्पट पाळावा. नऊ वर्षांच्या ताईला वर आणि धाकट्याला खाली, हा निवाडा बुकिंगच्या दिवशीच जाहीर करावा. तान्ह्यासाठी घडीचा पाळणा मिळतो, पण आधी मागावा लागतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. समुद्रात सलग अनेक दिवस जाणार असतील तर वर्षाची अट असते.

आगीबद्दल एक शब्द. २३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या बोटीच्या बाल्कनीला आग लागली. कुणी टाकलेली पेटती सिगारेट हे तिचे संभाव्य कारण ठरले. बाल्कनीमागून बाल्कनी पेटत गेली, धुराने एक प्रवासी दगावला. त्यानंतर बाल्कन्यांचे सामान आणि आडभिंती बदलल्या गेल्या. आपल्या घरच्या बॅगांत सिगारेट नसेलही, पण चहाची विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, निरांजन आणि उदबत्तीचा पुडा असतो. हे सगळे बोटीवर वर्ज्य आहे. देवाला समुद्रात नुसता नमस्कारही पोचतो.

पहिला तास

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आदळली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसे होती. ३२ दगावली, त्यांत वडिलांबरोबरची एक पाच वर्षांची मुलगी होती. प्रवाशांना बराच वेळ ‘विजेचा बिघाड’ एवढेच सांगितले जात होते, आणि बोट सोडण्याचा हुकूम सुटायला तासाहून जास्त वेळ गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जो मृतदेह सापडला तो बोटीवर वेटर म्हणून काम करणाऱ्या मुंबईच्या एका तरुणाचा होता. १ जानेवारी २०१५ पासून नियम झाला, की ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताच झाली पाहिजे.

अलीकडे काही कंपन्या ती मोबाइलवर चित्रफीत दाखवून उरकतात आणि मग प्रत्येकाने आपल्या जागी जाऊन हजेरी लावायची असते. मोठ्यांपैकी एकाने जाऊन सर्वांची हजेरी लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. मुलांना हाताशी धरून केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने चालवत न्यावे. जाताना दारे मोजावीत: “आपल्या दारापासून जिन्यापर्यंत नऊ दारे.” मुलांना हा खेळ वाटतो आणि तो त्यांच्या लक्षात राहतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा आहे, हेही त्यांना सांगावे.

लाइफ जॅकेट मोठ्यांचे मुलाला चालत नाही. साधारण पंधरा किलोंपर्यंत तान्ह्यांचे, पंधरापासून त्रेचाळीस किलोंपर्यंत मुलांचे आणि पुढे मोठ्यांचे, अशी विभागणी आहे. बोटीवरच्या प्रत्येक मुलापुरती जॅकेटे असावीत असा नियम आहे. ती केबिनमध्ये आहेत की जमण्याच्या जागी, हे बोटीप्रमाणे बदलते. पहिल्याच संध्याकाळी विचारावे, आणि केबिनमध्ये असतील तर मुलाला एकदा घालून पाहावे. बऱ्याच बोटींवर मुलांच्या मनगटात त्यांच्या जागेचे अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात. मूल दिवसा खेळघरात असताना इशारा झाला, तर त्याला तिथले लोक जागेवर आणतात की पालकांनी न्यायचे, हेही स्पष्ट विचारावे. रात्री दोनच्या प्रश्नाचे हे दिवसाचे रूप आहे.

काही वाचक म्हणतील, सुट्टीवर निघालेल्या माणसाला इतके घाबरवायचे कशाला? लाखो मुले दरवर्षी क्रूझला जातात आणि आइस्क्रीम जास्त खाल्ल्याखेरीज त्यांना काही होत नाही. अगदी खरे. पण वर सांगितलेल्यातले बहुतेक फुकट आहे. नकाशावर मजले मोजायला पैसे पडत नाहीत. मध्यावरची खिडकीची केबिन बाल्कनीपेक्षा स्वस्तच असते. खर्च आहे तो एका मोकळ्या बोलण्याचा, आणि आपल्या घरांत तोच सर्वांत महाग पडतो.

तेव्हा एजंटने नावे टाइप करण्याआधी फॉर्म एक दिवस घरी मागून घ्या. रात्रीच्या जेवणानंतर सगळे बसा आणि पेन्सिलीने प्रत्येक केबिनच्या चौकटीत कोण झोपणार ते लिहा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एका मोठ्या माणसाचे नाव लिहा, एकाचेच. धाकट्याला उचलणार बाबा, ताईचा हात धरणार आई, आजीबरोबर आजोबा. सगळ्यांना ते मान्य झाले की पेन्सिलीवरून पेन फिरवा. मग खुशाल दृश्याची चर्चा करा.